रिवकाबाई आणि दहावा माणूस

रिवकाबाई घोसाळकरांकडे कोणी अर्ज घेऊन आलं, की त्या आधी पाणी विचारत, मग चहा विचारत, आणि मग चष्मा कपाळावर सरकवून एकच प्रश्न टाकत, "दहावा कोण?"

समोरचा माणूस ठाण्याहून नाहीतर अलिबागकडून दोन गाड्या बदलून गोव्यात साखळीला आलेला असायचा. प्रार्थनालयाच्या भिंतीला ओल आली आहे, हे सांगायची त्यानं वाटभर तयारी केलेली. या प्रश्नाची तयारी कोणीच केलेली नसे.

यहुदी लोकांच्या सामुदायिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात, हे मला बाईंकडूनच कळलं. "नऊ नावं सगळे पटापट सांगतात, मास्तर," त्या म्हणायच्या. "दहाव्याला माणूस छताकडे बघायला लागतो. तो दहावा बहुतेक वेळा इस्रायलला गेलेला पुतण्या असतो."

"आणि तुम्हाला धरलं तर?" मी एकदा विचारलं.

"मी बाईमाणूस. मला त्या दहात धरत नाहीत. म्हणून तर मोजायचं काम माझ्याकडे आलं."

मुंबईच्या एका यहुदी व्यापाऱ्यानं आपल्या समाजासाठी एक न्यास मागे ठेवला होता. कोकणातल्या बेने इस्रायली लोकांची प्रार्थनालयं, सण, मुलांचे हिब्रूचे वर्ग, यांना मदत द्यायची. कोणाला द्यायची आणि कशासाठी, हे ठरवणाऱ्या प्रमुख म्हणजे रिवकाबाई. विश्वस्त मुंबईत आणि प्रमुख साखळीत, असा तो अजब कारभार. बाईंचे यजमान डिचोलीकडच्या एका खाणीवर सर्वेअर होते. ते वारल्यावर विश्वस्तांनी मुंबईला या म्हणून फार आग्रह केला. बाईंनी कळवलं, "इथली हवा मला मानवते. पोस्ट तुमच्याकडेही आहे, माझ्याकडेही आहे."

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. मूळचा लाटंबार्सेचा, साखळीच्या शाळेत मराठी शिकवायचो. बाईंचं अक्षर इतकं भयंकर होतं, की एका गावानं त्यांचं मंजुरीचं पत्र नकार समजून रडतरडत उत्तर पाठवलं होतं. तेव्हापासून मराठी पत्रं मी लिहायला लागलो. विश्वस्तांना इंग्रजी पत्रं टाइप करायला आमच्याच शाळेतले नायक सर येत.

ते भाषावादाचे दिवस होते. नायक कोकणीवाले, मी मराठीवाला. शाळेत आमचं बोलणं बंद होतं. बाईंकडे मात्र टेबल एकच. मी टाइपरायटरकडे पाठ करून बसायचो. बाई मजेत म्हणायच्या, "नायक, मास्तरांना विचारा, शाई संपली का." नायक भिंतीला विचारायचे. मी खिडकीला उत्तर द्यायचो. गोवा घटक राज्य झालं त्या दिवशी बाईंनी आम्हा दोघांच्या पुढ्यात एकाच ताटलीत नारळाच्या करंज्या ठेवल्या आणि स्वतः आतल्या खोलीत निघून गेल्या. शेवटची करंजी उरली तेव्हा नायक म्हणाले, "तुमी घेयात." मी अर्धी मोडून त्यांना दिली. बाईंनी आतून विचारलं, "संपल्या का रे?" त्या दाराआडच उभ्या होत्या.

बाजारात बाईंचा वेगळाच दरारा. खवलं नसलेला मासा त्यांच्या धर्मात चालत नाही. गोव्यात राहून ही बाई कोळंबीला हात लावत नाही, याचं कोळणींना अपार दुःख. "बाई, सुंगटां केन्नाच व्हरनात तुमी?" असं त्यांची नेहमीची कोळीण दर आठवड्याला कळवळून विचारायची. "खवलं दाखव, मग बोलू," असं त्यांचं ठरलेलं उत्तर. शनिवारी त्या कामाला, कागदाला, पेनाला शिवत नसत. पोस्टमन नवीन होता तेव्हा शनिवारी रजिस्टर पत्र घेऊन आला आणि सही मागू लागला. बाईंनी त्याला बसवून घेतलं, आदल्या दिवशीचा केक दिला, पण सही दिली नाही. पुढच्याही शनिवारी तो बरोबर रजिस्टर घेऊनच आला. बाईंना संशय होता, की तो केकसाठी पत्रं राखून ठेवतो.

एक दिवस अलिबागजवळच्या एका खेड्यातून पोस्टकार्ड आलं. लिहिणारे एलायजाकाका, वय सत्तरीच्या पुढे. मी मोठ्यानं वाचू लागलो. "आमच्या मशिदीचे छप्पर गळते." बेने इस्रायली लोक आपल्या प्रार्थनालयाला मशीदच म्हणतात. "दहा माणसांची नावे आपण मागता असे ऐकतो. आमचेकडे मी आहे. बहीण मलका आहे, पण ती बाई. बाकी सर्व मुंबईस, ठाण्यास व परदेशी गेले. खोटी नावे लिहिणे जमत नाही. तरी कळावे."

बाईंनी चष्मा कपाळावर नेला नाही. काढून हातात धरला. "पुन्हा वाचा," म्हणाल्या.

विश्वस्तांचं मत सरळ होतं. दोन माणसांसाठी छप्पर कशाला? तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची गुंडाळी, मुंबईला हलवावी, कुलूप घालावं, आणि मदत ठाण्याच्या सभागृहाला द्यावी. नियमाप्रमाणे बाईंनीही तेच लिहायला हवं होतं. आठ दिवस त्यांनी ते पोस्टकार्ड फाइलला लावलं नाही. नवव्या दिवशी आम्हा दोघांना बसवलं.

"नायक, विश्वस्तांना लिहा. छपराला काही देणार नाही. त्या गावातून जी जी घरं बाहेर गेली, त्यांना एका रविवारी मलिद्याला गावी आणायचं. गाडी आपली, भांडी आपली, पोहे आपले. मास्तर, तुम्ही एलायजाकाकांना लिहा, गावातून कोण कोण गेलं त्यांची नावं कळवा. मेलेल्यांचीसुद्धा. त्यांची मुलं असतील."

मलिदा म्हणजे गोड पोहे, खोबरं, खजूर, फळं. एलियाहू पैगंबराच्या नावानं तबक भरायचं, प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं.

विश्वस्तांचं उलट पत्र आलं. सहलीला अनुदान देण्याची न्यासात तरतूद नाही. बाईंनी उत्तर सांगितलं आणि नायकांनी ते इतक्या जोरात टाइप केलं, की खालच्या माझ्या खोलीतही ते ऐकू गेलं असतं. "न्यास समाजजीवनासाठी आहे. आधी जीव आणते, मग छपराचं बघू. मंजूर नसल्यास माझ्या जागी दुसरा माणूस नेमावा."

पंधरा दिवस काही उत्तर नाही. बाई कधी नव्हे त्या पोस्टमनची वाट बघत जिन्यात उभ्या राहायच्या. शेवटी पत्र आलं. एकदाच, असं बजावून परवानगी दिली होती.

थंडीतल्या त्या रविवारी मी बाईंबरोबर गेलो. नायकांनी बाईंच्या खाऊच्या डब्याबरोबर माझ्यासाठीही एक डबा दिला होता. गावात पोचलो तर एलायजाकाका कोट घालून रस्त्यावर उभे. पहाटेपासून उभे होते, असं चहावाला म्हणाला. दहाच्या सुमारास मुंबईची गाडी आली. मग ठाण्याची. म्हाताऱ्या, सुना, पँट घातलेल्या नाती, कडेवरची पोरं. चाळीस तरी माणसं उतरली असतील. एलायजाकाका एकेकाच्या तोंडाकडे बघून बापाचं नाव सांगत होते आणि ते बरोबर निघत होतं.

प्रार्थना झाली, मलिदा वाटला. मंडळी वर बघून आपापसात बोलू लागली. वासा कुठे कुजलाय, कौलं कोण पाठवेल, आजोबांच्या नावाची फरशी कुठली. अंगणातल्या मांडवात पानं वाढायच्या आत ठाण्याच्या एका सुतारानं मापंसुद्धा घेतली. बाईंकडे कोणी अर्ज केला नाही. कुणाला त्याची आठवणच राहिली नाही.

निघायची वेळ झाली. बाई कुठे दिसेनात. शोधत मी एलायजाकाकांच्या घराच्या मागच्या पडवीत गेलो.

रिवकाबाई पाटावर बसल्या होत्या. फाइल बाजूला पडली होती. अंबाडा सुटलेला. मागे मलकाबाई, वाटीत बोटं बुडवून त्यांच्या डोक्याला खोबरेल चोळत होत्या.

"तू शेगुलाबाईची लेक, रिबू," मलकाबाई म्हणत होत्या. "मला वाटलंच. कपाळ तिचंच. केवढं कोरडं केलंयस गो डोकं. तिकडे कोणी नाही का तुला सांगायला?"

"नाही," बाई म्हणाल्या.

साखळीत आम्ही सगळे त्यांना बाई म्हणायचो. विश्वस्त मॅडम लिहायचे. रिबू हे नाव मी प्रथमच ऐकत होतो.

"बाई, गाडीची वेळ झाली," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "मास्तर, पुढच्या गाडीनं जाऊ."

पुढची गाडी दुसऱ्या दिवशी होती. ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. मी चपला काढल्या आणि पुन्हा मांडवात जाऊन बसलो.