शेवटचं धडधाकट केव्हा पाहिलं?

राधक्काच्या फाटकासमोरून जायचं तर आधी हसावं लागतं. मनात असो वा नसो, हुकूम सुटला की हसायचं.

"हास! दात दिसू देत. हं. आता दोन्ही हात पुढं कर, डोळे मिट. हात खाली येतोय का बघू. आता बोल, आज सोमवार, मी नंजनगूडला कामाला चाललोय."

सकाळी सव्वासातला कंपनीची बस पकडायला निघालेला मी, खांद्याला डब्याची पिशवी, झोपेत चालणाऱ्या माणसासारखे हात पुढं करून चामराजपुरमच्या रस्त्यात उभा असतो. समोर सत्तरीच्या राधक्का, नऊवारीऐवजी सुती पातळ, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात शिटी. मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं त्यांनी कवायत शिकवली. नोकरी संपली, शिटी राहिली.

"जा. आज तरी तुला झटका आलेला नाही," असा निकाल मिळाला की सुटका.

मी मूळचा सातारचा. म्हैसूरला येऊन सात वर्षं झाली. पहिल्या आठवड्यात हा प्रकार झाला तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो की शेजार वेड्यांचा मिळालाय. राधक्कांचं घराणं पाच-सहा पिढ्या म्हैसुरात. घरात मराठी, पण वाक्य सुरू मराठीत होऊन कन्नडमध्ये कधी शिरेल याचा नेम नाही. माझं नाव प्रशांत. त्यांनी पहिल्याच दिवशी त्याला कन्नड शेपूट लावून 'प्रशांतप्पा' केलं.

मेंदूचा झटका, म्हणजे ज्याला आपण लकवा, अर्धांगवायू म्हणतो, तो त्यांचा एकमेव विषय. पेपरात त्यावर काही छापून आलं की कात्रण आमच्या दाराखालून आत सरकायचं. मिठाचं संशोधन, अपुऱ्या झोपेचं संशोधन, धुराचं, सिगारेटचं. समासात लाल शाईनं त्यांचा शेरा. माझ्या बायकोच्या लोणच्याच्या बरणीवर एकदा चिठ्ठी चिकटली होती: 'यात मीठ किती? नवरा नको झालाय का?'

"संशोधनं रोज येतात री," त्या करवादायच्या, "माणसांत अक्कल कधी येणार? बी.पी.ची गोळी चार दिवस घेतात, बरं वाटलं की बंद. बरं कशामुळं वाटलं? गोळीमुळंच की नाही? मग सुम्ने बंद का करता?"

सुम्ने म्हणजे उगाच. हा त्यांचा लाडका शब्द. जग सुम्ने बसतं, सुम्ने बोलतं आणि सुम्ने मरतं, असं त्यांचं एकूण मत.

गल्लीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर कुणीतरी एकदा तो जुना निरोप टाकला, की झटका आला तर दहाही बोटांना सुई टोचून रक्त काढा, माणूस उठून बसतो. त्यावर राधक्कांचा तीन मिनिटांचा आवाजी निरोप आला. पहिलं दीड मिनिट कन्नडमध्ये होता. तो मला कळला नाही, पण ऐकताना माझे कान तापले. उरलेला मराठीत. "सुई शोधायला जेवढा वेळ लागेल तेवढ्यात मेंदू मरतोय. मेल्यावर परत येत नाही. टोचायचंच असेल तर ज्यानं हे लिहिलं त्याला टोचा!"

गावाबाहेर येलवालला एकदा आरोग्य शिबिर होतं, मला ओढून नेलं होतं. म्हाताऱ्या बायका बी.पी. तपासायला उन्हात रांगेत उभ्या आणि मांडवात पाहुण्यांचे हार-तुरे चाललेले. राधक्का सरळ मंचावर गेल्या, शिटी फुंकली आणि भाषण करणाऱ्या पाहुण्यांना म्हणाल्या, "हसा बघू." ते बिचारे हसले. "तोंड ठीक आहे तुमचं. आता ते बंद करा आणि बायकांना सावलीत घ्या."

आणखी एक उद्योग होता. महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या गावातल्या मोठ्या इस्पितळांना फोन करायच्या. स्कॅनचं मशीन चालू आहे का, मेंदूचे डॉक्टर रविवारी असतात का, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साठ्यात आहे का. एका ठिकाणची मुलगी त्यांचा आवाज ओळखून "चालू आहे, मॅडम" म्हणून फोन ठेवायची. "ठेवते म्हणजे काय? बघून आली का?" असं म्हणत या पुन्हा लावायच्या.

या सगळ्याला कारण होतं, आणि ते त्यांनीच मला सांगितलं होतं. त्यांचे यजमान, वासुदेवराव. मी इथं आलो तेव्हा ते जाऊन काही महिने झाले होते. एका सकाळी न्याहारीनंतर त्यांचा उजवा हात जड झाला, जीभ अडखळायला लागली. घरात राधक्का आणि वासुदेवरावांचे धाकटे भाऊ नरसिंगराव.

"भावजी म्हणाले, पित्त आहे. सोडा द्या, झोपू द्या," राधक्का दात आवळून सांगायच्या. "झोपवलं. दुपारी उठले ते हात, पाय, बोलणं सगळं घालवून. मग कोपऱ्यावरचं नर्सिंग होम. तिथं स्कॅन नाही, तरी तीन तास ठेवून घेतलं. सलाईन लावलं, सुम्ने! पुढं मोठ्या ठिकाणी नेलं, तर डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनची वेळ गेली. साडेचार तासांच्या आत आणायचं होतं."

वर्षभर ते अंथरुणात होते. त्या वर्षाबद्दल बोलताना राधक्कांचा राग विमावाल्यांकडं वळायचा. "पलंगावर निजला तर पैसे देतात. पलंगावरून उठवायला माणूस येतो ना, व्यायाम घेणारा, बोलायला शिकवणारा, त्याचे नाही देत. म्हणजे निजूनच राहा!" कवायतीच्या बाईनं नवऱ्याचा हात रोज शंभर वेळा वर उचलला होता. तो हात आपणहून कधी वर गेला नाही.

नरसिंगराव वरच्या मजल्यावर राहायचे. पोस्टातून निवृत्त, लग्न न केलेले, हळू बोलणारे. घर एक, जिना बाहेरून. सहा वर्षं राधक्का त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. रोज सगळ्या रस्त्याला हसवायच्या, पण ते जिना उतरून आले की तोंड फिरवायच्या. नातेवाइकांनी हीच गोष्ट ऐकलेली, त्यामुळं नरसिंगरावांकडं कुणी फारसं येत नसे. मला हे लिहायला लाज वाटते, पण मीही त्यांच्याशी तुटकच वागायचो. ते फाटकापाशी "काय, ऊन फार आहे" म्हणायचे आणि मी मान हलवून पुढं जायचो. पित्त म्हणे! मला त्या माणसाचा खराखुरा राग होता.

गेल्या साली एका रविवारी सकाळी मी आमच्या दारात गाडी धूत होतो. राधक्का फाटकापाशी केर काढत होत्या. एकाएकी त्यांचा खराटा थांबला.

"ऐकलंस?"

मला काही ऐकू आलं नव्हतं. वर जिन्यात नरसिंगराव उतरत होते, चपलांचा आवाज येत होता, एवढंच.

"एक चप्पल वाजते. दुसरी घासते," राधक्का म्हणाल्या आणि खराटा टाकून जिन्याकडं धावल्या. सत्तरीची बाई अशी धावताना मी पाहिलेली नाही.

नरसिंगराव मधल्या पायरीवर होते, हातात पिशवी. या समोर उभ्या ठाकल्या. सहा वर्षांनी पहिला शब्द बोलल्या.

"हसा!"

ते त्यांच्याकडं बघत राहिले. मग हसले. डावीकडून छान हसले. उजवी बाजू जागच्या जागी राहिली.

"हात!" डावा आला. उजवा उचलता उचलता खाली गेला आणि पिशवी पायऱ्यांवरून गडगडत खाली आली. ते काहीतरी म्हणाले. त्यात एकही शब्द नव्हता.

"प्रशांतप्पा, गाडी! बेगा, लवकर!"

मी म्हणालो, थोडं पाणी देऊ का त्यांना. तेव्हा त्या ज्या ओरडल्या ते अजून कानात आहे. "थेंब नाही द्यायचा! घशात अडकेल, छातीत जाईल. गाडी काढ म्हटलं ना!"

कोपऱ्यावरच्या नर्सिंग होमच्या दारातला माणूस हात करत होता, इकडं या म्हणून. राधक्कांनी खिडकीतून त्याला काय सांगितलं ते मी लिहीत नाही. रिंग रोडच्या मोठ्या इस्पितळात आम्ही पोचलो. खिडकीतल्या मुलानं फॉर्म पुढं केला, पेशंटचं पूर्ण नाव म्हणाला. राधक्कांनी शिटी फुंकली. इस्पितळाच्या दालनात कवायतीची शिटी काय वाजते! चारी बाजूंनी माणसं धावली. "लकवा आहे! उजवी बाजू, वाचा गेलीय! नाव मग लिहा, आधी स्कॅन!"

तरुण डॉक्टरीणबाई आल्या. स्ट्रेचरबरोबर चालता चालता त्यांनी विचारलं, "यांना शेवटचं धडधाकट केव्हा पाहिलं? नेमकी वेळ सांगा. त्यावरच इंजेक्शन ठरतं."

मी राधक्कांकडं पाहिलं. बोलणं नाही, बघणं नाही, या काय सांगणार?

"सात वाजून दहा," राधक्का म्हणाल्या. "चूळ भरून 'नारायणा' म्हणाले. स्पष्ट म्हणाले. सात पंचवीसला वरच्या कुंड्यांना पाणी घातलं, दोन्ही पाय नीट पडत होते. सात चाळीसला रेडिओ लावला आणि कानडी बातम्यांवर 'थू' म्हणाले. तेही स्पष्ट. आठला पाच कमी असताना चप्पल घासली."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "तुम्ही त्यांच्या बरोबर राहता?"

"खाली राहते."

सहा वर्षं रोज सकाळी ही बाई खालच्या खोलीत बसून वरच्या माणसाचा प्रत्येक शब्द, प्रत्येक पाऊल ऐकत होती. नीट आहे ना, हे बघत होती.

स्कॅन झालं. रक्तस्राव नव्हता, गुठळी होती. इंजेक्शन देता येईल, पण त्यानं मेंदूत रक्त सांडायचा थोडा धोका असतो, सही हवी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. ज्यांनी ही सगळी कात्रणं पाठ केली होती त्या राधक्का पेन हातात धरून उभ्या राहिल्या.

"मी सांगितलं आणि परत काही झालं तर?" त्या मला म्हणाल्या. आवाज माझ्या ओळखीचा नव्हता.

'परत' हा शब्द मला तेव्हा कळला नाही. मी म्हणालो, "राधक्का, वेळ जातोय." त्यांनी सही केली.

नरसिंगराव दहाव्या दिवशी घरी आले, काठी घेऊन पण पायांवर. उजवा हात अशक्त, बोलणं एकेक शब्दाचं. मग तीन महिने आमच्या भिंतीपलीकडून नुसती आरडाओरड. "वर! अजून वर! काल इथवर गेला होता, आज काय झालं? 'पाणी' म्हणा. 'पानी' नव्हे, 'पाणी'! आळस करू नका!" बिचारे "वैनी... पुरे" म्हणायचे. "पुरे हा शब्द बरा येतो तुम्हाला!" असं ओरडून त्या आणखी दहा वेळा हात वर करून घ्यायच्या.

वासुदेवरावांचं श्राद्ध आलं. बंगळूरहून नातेवाईक आले होते. आम्हालाही जेवायचं आमंत्रण होतं. नरसिंगरावांनी लुळ्या हातानं, वेळ लावत, सगळं केलं. पंगत बसली. राधक्का वाढत होत्या. नरसिंगरावांच्या शेजारचं पान रिकामं होतं. तिथं कुणी बसलं नव्हतं.

बंगळूरच्या काकांनी भातावर वरण घेता घेता मान डोलावली. "राधे, मन मोठं हो तुझं. ज्यानं भावाला झोपवून घालवला, त्यालाच तू वाचवलास."

वाटीत पळी आपटली.

"गप्प बसा काका!" राधक्का ओरडल्या. सगळी पंगत थांबली. "कुणी झोपवलं? भावजींनी? ते चप्पल घालून रिक्षा आणायला निघाले होते. म्हणाले, वैनी, हे बरं दिसत नाही, दवाखान्यात नेऊ. मी त्यांना फाटकातून परत बोलावलं. मी म्हटलं, पित्त आहे. मी सोडा दिला. मी पडदा ओढला, ऊन लागू नये म्हणून. मी! तेराव्याला तुम्ही सगळ्यांनी विचारलं, झोपू कुणी दिलं, तेव्हा यांच्याकडं बोट मीच दाखवलं. आणि हा माणूस..." त्यांनी पळी नरसिंगरावांकडं रोखली, "हा माणूस सहा वर्षं गप्प! एकदा तरी तोंड उघडायचं! एकदा तरी म्हणायचं, वैनी, खोटं बोलू नका! बोलता येत होतं तेव्हा बोलले नाहीत!"

त्या नरसिंगरावांवर खरोखर रागावल्या होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. काका पानाकडं बघत होते. मला वर बघवेना. फाटकापाशी "काय, ऊन फार आहे" म्हणणारा तो माणूस माझ्या समोर बसला होता.

नरसिंगरावांनी घास खाली ठेवला. एकेक शब्द शोधून, जुळवून, ते म्हणाले, "वैनी. दादा... गेल्यावर... तुम्ही... एकट्या. मी... काय बोलणार?"

मग त्यांनी उजवा हात उचलला. तो थरथरला, अर्ध्यात अडला, पुन्हा उचलला, आणि शेजारच्या रिकाम्या पानावर जाऊन टेकला.

"बसा," ते म्हणाले.

"मी वाढायचं सोडून बसू? पुरुषांच्या पंगतीत?"

"बसा."

राधक्का बसल्या. पळी अजून हातातच होती. मी उठलो, ती त्यांच्या हातातून घेतली आणि वाढायला लागलो.