वरचं राष्ट्र, खालचं राष्ट्र

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणाऱ्या कारखानीस सरांनी आपल्या सागवानी जेवणाच्या टेबलाचे चारही कोपरे सुताराकडून कापून घेतले. टेबल वडिलांच्या वेळचं, एक ओरखडा नसलेलं. सुताराने करवत लावण्याआधी पुन्हा पुन्हा विचारलं, तर सर म्हणाले, "चौकोनी टेबलाला डोकं असतं. डोक्याशी कोणीतरी जाऊन बसतो आणि मग भांडण मिटत नाही." आता ते टेबल धड गोल नाही, धड चौकोनी नाही. कडेला कप ठेवायची भीती वाटते. पण त्याला डोकं नाही, हे मात्र खरं.

सरांनी उभी हयात बडोद्यात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला. दोन देशांमधून वाहणाऱ्या नद्यांच्या पाण्यावरून जी भांडणं होतात आणि ती मिटवायला ज्या वाटाघाटी चालतात, तो त्यांचा खास विषय. त्यासाठी ते जिनिव्हापासून नैरोबीपर्यंत परिषदांना जाऊन आले. निवृत्त झाल्यावर राष्ट्रं मिळेनाशी झाली, तेव्हा त्यांनी आमच्या मांजलपुरातली माणसं हाताशी घेतली.

समोरच्याने काहीही मागितलं की सरांचा एक ठरलेला प्रश्न असतो. "थांबा. ही तुमची भूमिका झाली. गरज काय आहे?" एकदा माझ्यादेखत त्यांनी हा प्रश्न भाजीवालीला विचारला. ती कोबीचा भाव कमी करत नव्हती. तिने टोपलीवरचं ओलं फडकं झटकलं आणि म्हणाली, "साहेब, मारे घेर जवुं छे." घरी जायचं, एवढीच तिची गरज. सरांनी निमूटपणे तिच्या भावाने कोबी घेतला. इतकं स्वच्छ उत्तर आपल्याला कुठल्याही राजदूताने दिलं नव्हतं, असं ते घरी येईपर्यंत मला सांगत होते.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती ओलीमुळे. मी पहिल्या मजल्यावर राहतो. माझ्या डोक्यावर जयेशभाई. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या झोपायच्या खोलीच्या भिंतीत झिरपू लागलं. मी स्वभावाने असा, की माझ्या पायावर कोणी पाय दिला तर मीच "सॉरी" म्हणतो. त्यामुळे तक्रार करायला मी इतका उशीर लावला आणि शेवटी ती इतकी चाचरत केली, की मी काहीतरी लपवतोय असं जयेशभाईंना वाटलं. त्यांचा अपमान झाला. त्यांची स्कूटर माझ्या स्कूटरला खेटून उभी राहायला लागली आणि आमचं बोलणं बंद झालं.

हे कानावर येताच सर काठी घेऊन निघाले. गुडघे दुखत असताना ते दोन मजले चढायचे, एक उतरायचे, पुन्हा चढायचे. जयेशभाई म्हणाले होते, "एने कहो, भींत एनी, भेज पण एनो. मारे शुं?" म्हणजे भिंत त्याची, तर ओलही त्याचीच. एक जिना उतरेपर्यंत त्याचं झालं, "वरच्या राष्ट्राला तुमच्या भिंतीविषयी मनापासून सहानुभूती आहे." माझी बायको माधुरी म्हणाली होती, त्या वरच्याला म्हणावं, ते पाणी तूच पी. तो निरोप वर पोहोचला तेव्हा खालचं राष्ट्र पाण्याच्या सुयोग्य वापराबद्दल आग्रही होतं. हे आम्हाला फार पुढे कळलं. मी वाद घालायला घाबरतो म्हणून तेव्हा शरमायचो. सर मात्र म्हणायचे, "सबनीस, तुम्ही खालच्या अंगाचं राष्ट्र. तुमच्याकडे पाणी येतं, यात तुमचा काय दोष?" असं मला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं.

मग दर रविवारी सकाळी त्या बिनडोक्याच्या टेबलाशी बैठका सुरू झाल्या. नियम असा की चहा प्रत्येकाने समोरच्या पक्षाच्या कपात ओतायचा. "माझं" हा शब्द बंद. सर स्वतः पोहे करत. त्यांच्या पत्नी सुलभावहिनी गेल्यानंतर ते पोहे करायला शिकले होते, आणि मिठाच्या बाबतीत त्यांच्या वाटाघाटी अजून चालू होत्या. जयेशभाई येताना हिरवा, मऊ लीलो चेवडो आणायचे. बैठक संपली तरी कोणी उठायचं नाही. सर नद्यांच्या गोष्टी सांगत बसायचे.

असे बरेच रविवार गेले आणि एका दुपारी जयेशभाईंच्या सावली गावातल्या मेहुण्याने येऊन त्यांचा पाइप बदलून टाकला. भिंत वाळली. जयेशभाई पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्या दारात आले. "सबनीसभाई, थई गयुं. चालो, साहेबने कहीए."

सरांचं दार उघडं होतं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून त्यांची मुलगी अनघा बोलत होती, बंगळुरूहून. तिच्या आवाजात कटकट नव्हती, थकवा होता. आई गेल्यापासून ती त्यांना फ्लॅट विकून तिकडे या म्हणत होती, एवढं मला ठाऊक होतं.

"बाबा, खरं सांगा. तिथे आता तुमचं काय अडलंय?"

"अगं, एक वाद प्रलंबित आहे," सर म्हणाले. "दोन्ही पक्ष फार ताठर आहेत. मध्यस्थाला मधूनच उठता येत नाही. तो मिटला, की बघू."

दोन्ही ताठर पक्षांनी दारात एकमेकांकडे पाहिलं. जयेशभाईंनी बॉक्स हळूच पाठीमागे नेला. पेढे आम्ही जिन्यात बसून खाल्ले.

त्यानंतर आम्ही खोटं भांडायला लागलो. जयेशभाईंना ते छान जमायचं. टेबलावर थाप मारून ते मेहुण्याने बसवलेल्या नव्या पाइपची, तोही गळतो म्हणून, अब्रू काढायचे. मी मात्र वाक्याच्या मध्येच गप्प व्हायचो. सर माझ्या बशीत पोहे वाढताना त्यांच्या तोंडाकडे बघवायचं नाही. त्याहून अनघाचा विचार छळायचा. बापाला जवळ ठेवावंसं वाटणाऱ्या मुलीला आम्ही एका कोरड्या भिंतीच्या जोरावर अडवून धरलं होतं. माधुरीला हे बोललो तर ती म्हणाली, "तू न्यायाधीश कधीपासून झालास? ते काय लहान आहेत?" मला काही तिच्यासारखं मोकळं होता आलं नाही.

आणि सरांनी जाहीर केलं, की पुढची बैठक घटनास्थळी होईल. त्यांना भिंत बघायची होती.

त्या रविवारी सकाळी जयेशभाई कुंड्यांवर पाणी मारायचा फवारा घेऊन आमच्याकडे हजर झाले. वरचं राष्ट्र फवारत होतं, खालचं राष्ट्र फडक्याने ओघळ पुसत होतं, आणि माधुरी मागे उभी राहून डाग पूर्वी कुठवर होता ते दाखवत होती. एवढ्यात जिन्यात काठी वाजली.

सर आत आले. दम खाल्ला. तळवा भिंतीवर सपाट टेकवला आणि तसेच उभे राहिले. मग तळव्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे. गडबडीत फवारा तिथेच राहिला होता, तोंडाशी एक थेंब लोंबकळत.

मला राहवलं नाही. "सर, खरं सांगायचं तर..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "मी मुलांना शिकवायचो, नदीच्या भांडणात कराराचं फार कौतुक करू नका. करार मोडतात. दोन्हीकडची माणसं ठरल्या दिवशी येऊन समोरासमोर बसतात ना, ती समिती सांभाळा."

जयेशभाईंनी माझ्या हातातलं फडकं हळूच काढून घेतलं.

"अनघा दिवाळीला येतेय," सर म्हणाले. "मीच बोलावलंय. तिला इथलं सगळं समजावून सांगेन. भिंतही दाखवेन."

मग काठी माझ्या हातात देऊन ते खिडकीशी गेले, फवारा उचलला, आणि वरचा डावा कोपरा आमच्याकडून कोरडा राहिला होता, तिथे हात लांबवून, नीट, सावकाश पाणी मारलं.