सुखदेव पळाला नव्हता

ही गोष्ट सांगायचं मी चाळीस वर्षं टाळलं. आता पंचाहत्तरी उलटली, दात गेले, आवाज तेवढा शाबूत आहे. आणि गुन्हा त्या आवाजानेच केलेला आहे.

देवळीचा सुखदेव भोयर बॉक्सिंगच्या रिंगणात ठोसा मारायचा आणि लगेच समोरच्याला विचारायचा, "लागलं तं नाई न, बा?"

चेष्टेने नव्हे. मनापासून. रिंगणात बोलायचं नसतं, म्हणून रेफरी त्याला ताकीद द्यायचा, तर हा रेफरीचीही माफी मागायचा. देवळीला गुरांच्या दवाखान्यात तो मलमपट्टीचं काम करी. तिथेही बैलाला सुई टोचली की बैलाच्या कानाशी वाकून हाच प्रश्न. बैल काय सांगत होता ठाऊक नाही, पण सुखदेव उत्तरासाठी थोडा वेळ थांबायचा खरा.

माझं आर्वीला लाउडस्पीकर भाड्याने द्यायचं दुकान होतं. कोणाचं लग्न, कुठे भंडारा, कोणाची म्हैस हरवली, सगळं गावाला माझ्याच तोंडून कळे. कापसाचा हंगाम संपला की उन्हाळ्यात बाजाराच्या रिकाम्या शेडमध्ये बॉक्सिंगचे सामने व्हायचे. रिंगणाला खेटून माझं टेबल, टेबलावर माझा माइक आणि माइकवर मी.

सुखदेवचा खेळ मी जेवढ्या जवळून पाहिला तेवढा कोणीच पाहिला नसेल. तव्यावरची भाकर उलटवावी तसा त्याचा डावा हात जायचा आणि यायचा. कधी गेला ते कळायचं नाही, समोरच्याची मान मागे झाली की कळायचं. त्याच्या अंगाला हात लागणं कठीण. सामना संपला तरी भांग जागेवर. आणि जिंकल्यावर हरलेल्याला स्टुलावर बसवून पाणी पाजायचा.

लोकांना हे मुळीच आवडायचं नाही. मागून कोणीतरी ओरडायचा, "अबे, मारून राह्यला का हालचाल इचारून राह्यला?"

त्याच्या उलट बब्बर. खरं नाव गजानन, बब्बर हे मी ठेवलेलं. तो सामन्याआधी स्वतःच्या कपाळावर नारळ फोडायचा आणि खोबरं पब्लिकमध्ये वाटायचा. दहा खाऊन एक मारायचा, पण तो एक शेडच्या पत्र्यापर्यंत घुमायचा. त्याच्या सामन्याला लोक हमालांच्या खांद्यावर चढून बसत. सुखदेवचा सामना लागला की उठून चहाला जात. चहावाला मला आदल्या दिवशी विचारून ठेवायचा, "भाऊ, भोयर कितव्या नंबरावर हाय? त्या हिशोबानं दूध चढवतो."

आता तुम्ही म्हणाल, ज्याची त्याची आवड. मी म्हणतो, खोटं आहे. आवड अशी आभाळातून पडत नाही. "भोयरची मॅच आहे मंडळी, तोवर चाय मारून या" हे पहिल्यांदा माइकवरून मीच बोललो. बब्बरबद्दल बोलायला नारळ होता, मिशी होती, शिव्या होत्या. सुखदेवबद्दल बोलायचं तर त्याचे पाय पाहावे लागले असते, त्याचा खांदा कधी वळतो ते लोकांना समजावून सांगावं लागलं असतं. मला त्याचा कंटाळा होता. माझ्या कंटाळ्याला मी पब्लिकची आवड म्हणत गेलो. आणि पब्लिकलाही सांगतो, तुम्ही काही दूधपिते नव्हता. तुम्हाला डोळे होते. तुम्ही चहाला गेलात.

मग दोघांची फायनल लागली. जिंकेल तो पुढे राज्याच्या सामन्यांना जाणार होता. सुखदेवने नवे बूट आणले होते आणि ते करकर वाजतात, माइकमध्ये आवाज येईल म्हणून माझी आधीच माफी मागून ठेवली होती.

पहिल्या दोन राउंडमध्ये बब्बरचा एकही ठोसा त्याला लागला नाही. तिसऱ्यात बब्बर डोकं खाली घालून बैलासारखा घुसला, डोकी आपटली आणि बब्बरची भुवई फाटली. रक्त सगळं डोळ्यात. आज असतं तर सामना थांबवला असता. तेव्हा पब्लिक उभं राहून नाचत होतं, रेफरीची हिंमत झाली नाही.

सुखदेवने एक ठोसा मारला असता तर बब्बर आडवा होता. त्याने मारला नाही. दोन्ही हात वर धरले आणि मागे सरत, गोल फिरत राहिला. फिरता फिरता माझ्या टेबलापाशी आला तेव्हा मी स्वतःच्या कानाने ऐकलं. तो बब्बरला सांगत होता, "तो डोया झाकून घे. त्या बाजूनं मी मारत नाई. उभा राय फक्त."

हे मी ऐकलं. ऐकून माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणालो, "भोयर पयून राह्यला मंडळी! देवळीची बस सुटली काय?"

एवढा हशा मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही. सगळी शेड ओरडायला लागली, "बस सुटली! बस सुटली!" पंचही हसले. निकाल बब्बरकडे गेला. सुखदेवने त्याला स्टुलावर बसवलं, भुवई पुसली आणि विचारलं, "लागलं तं नाई न, बा?"

त्यानंतर तो रिंगणात उतरला नाही. पण नाव चिकटलं ते चिकटलं. तो लग्नाच्या पंगतीत बसला तरी कोणी ओरडायचं, "सुखदेवभाऊ, बस सुटली!" आणि तो मान खाली घालून हसायचा.

मी माफी मागायला देवळीला तीनदा गेलो. पण सुखदेवची माफी त्याच्या डाव्या हातासारखी, नेहमी आधी पोचायची. बसतो न बसतो तोच, "माफ करजा भाऊ, खुर्ची डुगडुगते." चहा आला की, "माफ करजा, साखर जास्त झाली." तिसऱ्या खेपेला मी मन घट्ट करून म्हणालो, "सुखदेव, त्या दिवशी शेडमध्ये..."

"हो न भाऊ!" तो एकदम म्हणाला. "माह्या पायानं तुमचा वायर ओढल्या गेलता. माइक पडता पडता वाचला. तेव्हाची माफी राह्यलीच पाहा."

चहा प्यायलो, परत आलो.

या उन्हाळ्यात त्याच शेडमध्ये दरवर्षीसारखे सामने झाले. मला म्हातारा म्हणून शाल-श्रीफळ देऊन पुढे बसवलं. दोन खुर्च्या सोडून सुखदेव बसला होता. तो प्रत्येक वर्षी येतो म्हणे, आणि सगळे उठले तरी उठत नाही.

केळझरची एक मुलगी रिंगणात आली. तिचा डावा हात जाताना मी पाहिला. तोच हात! समोरची तोल जाऊन पडली तर हिने तिला हाताला धरून उठवलं. लोकांनी जांभया दिल्या. तिसरा राउंड सुरू झाला आणि माइकवरचा जवान गडी म्हणाला, "चला मंडळी, तोवर चाय मारून या."

माझं वाक्य. शब्द न् शब्द माझं. खुर्च्या सरकू लागल्या. मी उठलो आणि त्याच्या हातातला माइक ओढून घेतला.

"बसा खाली! कोणी उठायचं नाही!"

लोक बसले. आवाज अजून शाबूत आहे म्हटलं ना.

"चाळीस वर्षांपूर्वी याच शेडमध्ये, अशाच माइकवरून मी सुखदेव भोयरबद्दल..."

माइकवर एक हात येऊन पडला. डावा.

"भाऊ, आता नोका बोलू," सुखदेव हळूच म्हणाला. "लोक बसले हायेत. पाहू द्या तिच्याकडं."

"अरे, पण मला तुझंच सांगायचंय!"

"माही मॅच झाली न भाऊ. तिची चालू हाय."

घंटा होईपर्यंत त्याने माइकवरचा हात काढला नाही. लोकांनी मुलीचा राउंड शेवटपर्यंत पाहिला. टाळ्या फार नव्हत्या, पण होत्या. सुखदेवने दोघींसाठी वाजवल्या, मग माझ्याकडे वळला.

"माफ करजा भाऊ, तुमचं बोलणं तोडलं."

पुन्हा आधी तोच! मी म्हणालो, "सुखदेव, आज तू गप्प बस आणि माझं ऐक." तेवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं. "अरे बापा, शेवटची गाडी! येतो भाऊ!" आणि धोतर सावरत तो फाटकाकडे धावत सुटला.

सुखदेव भोयरला पळताना मी पाहिलं ते हे एकदाच. लिहून ठेवा. मी त्याच्या मागे चार पावलं गेलो, माफीसाठी तोंड उघडलं, आणि फाटकाबाहेर देवळीची बस सुटली.