थोरली कोण?

तमुनोने दारातच विचारलं, "तुमच्यातली थोरली कोण?" आणि केहिंदेने हात पुढे केला. पुढचा सगळा घोळ त्या एका हातामुळे झाला.

तमुनो दूरच्या पोर्ट हारकोर्टचा, इथल्या चालीरीतींना परका, पट्टे बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. त्याच्या पिशवीत हृदयाचे ठोके मोजणारे दोन मनगटी पट्टे होते, जुळ्या बहिणींच्या नावांनी आधीच नोंदलेले. तैवोचं हृदय अधू, केहिंदेचं ठणठणीत. डॉक्टरांना दोन्ही ताडून बघायची होती. डब्यांवर नुसतं 'थोरली' आणि 'धाकटी' लिहिलं होतं. कंपनीच्या लेखी आधी जन्मलेली तैवो थोरली. पण इथे ओयो शहरात शेंबडं पोरही सांगेल की थोरली केहिंदे, मागून जन्मलेली. ती पोटात बसून राहते आणि धाकटीला पुढे धाडते, जा, जग राहण्याजोगं आहे का बघून ये. तैवो सदुसष्ट वर्षं हेच करत आली होती. बाजारात मोइनमोइनचं, वाफवलेल्या चवळीच्या वड्यांचं, पातेलं तिच्या डोक्यावर, स्टुलावर केहिंदे.

पट्टे उलटे बसले, तैवोच्या नावाचा केहिंदेच्या मनगटावर आणि केहिंदेच्या नावाचा तैवोच्या. ते ब्लॉकचेनवाले होते. म्हणजे नोंद झाली की दहा रुग्णालयांच्या संगणकांत जाऊन बसते, मग तिला चोरही हात लावू शकत नाही आणि मालकही. तमुनोने हे फार अभिमानाने सांगितलं होतं.

महिन्याभरात तैवोला दोन पायऱ्या चढवेनात, आणि तिला निरोप आला की हृदय उत्तम आहे, गोळ्या बंद करा. केहिंदेला निरोप आला, झडप निकामी होते आहे, दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया हवी. निरोप आला तेव्हा ती शेजारणीशी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं भांडत होती.

"दुरुस्ती होते ना, मावशी," तमुनो फोनवर म्हणाला. "दहाही रुग्णालयांनी हो म्हटलं की होते. तीन महिने धरा."

डॉक्टरांनी तैवोच्या छातीला नळी लावली आणि मान हलवली. त्यांना सगळं कळलं, पण शस्त्रक्रिया नोंदीतल्या नावाचीच होणार. "नोंद बदलत नाही, तर माणूस बदला," असं ते हळूच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

तेव्हा तैवो केहिंदे होऊन दाखल झाली. सगळं सुरळीत चाललं होतं. पण सकाळी खरी केहिंदे वॉर्डात आली आणि तैवोने सवयीने खाटेवरून उतरून, धाकटीने थोरलीपुढे टेकायचे असतात तसे, तिच्यापुढे गुडघे टेकले.

मेट्रन अबोसेदेने ते बघितलं. भलत्याच बाईची छाती फाडली तर जाब तिला द्यावा लागणार होता.

"केहिंदे कधीपासून तैवोच्या पाया पडायला लागली?" तिने विचारलं. "पट्टा नका दाखवू मला. ही थोरली असेल तर तुम्ही टेका गुडघे."

"मी? हिच्यापुढे?" केहिंदे म्हणाली.

एवढं पुरलं. मेट्रनने शस्त्रक्रिया रद्द केली. घरी येईपर्यंत केहिंदे स्वतःला शिव्या घालत होती, आणि तैवो तिची समजूत काढत होती.

पुढची तारीख नऊ दिवसांनी मिळाली. तोवर तैवोचे ओठ निळे पडले होते. स्ट्रेचर निघालं, मेट्रन दारात आडवी आली, तशी केहिंदे कुणी न सांगता मधेच गुडघ्यांवर बसली. अख्खा वॉर्ड बघत होता.

"अक्का," ती म्हणाली. हा शब्द तिने जन्मात कुणासाठी वापरला नव्हता.

मेट्रन बाजूला झाली. तैवो डोळे मिटूनच हसली. केहिंदे जमिनीला हात टेकून उठायला लागली.

"मी ऊठ म्हटलं का?" तैवो म्हणाली. स्ट्रेचर आत गेलं.

तीन तासांनी डॉक्टर बाहेर आले. नऊ दिवस फार झाले होते. नोंदीतलंच नाव घेणं त्यांना भाग होतं.

"केहिंदे गेल्या," ते म्हणाले. आत ते दहा संगणकांत कायमचं लिहूनही झालं होतं.

केहिंदे भिंतीला खांदा लावून अजून गुडघ्यांवरच होती. मेट्रनने तिच्या दंडाला धरलं. तिलाही रडू आवरत नव्हतं.

"चला, उठा आता मावशी."

"हात सोड," केहिंदे म्हणाली. "थोरलीनं अजून ऊठ म्हटलेलं नाही."