पाटणकरकाकांची चौकशी

पाटणकरकाकांना मी गेली अकरा वर्षं आठवड्यातून दोनदा माझ्या गाडीतून घरी सोडते. त्यांच्या बायकोच्या आजारपणात डबे पोचवलेत, बॉयलर बिघडला तेव्हा माणूस शोधून दिलाय, आणि त्यांच्या घराची एक किल्ली माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असते. गेल्या वर्षी कॉलेजच्या एचआरमधल्या नव्या बाईंनी त्यांना माझ्याबद्दल सहज काहीतरी विचारलं. काकांनी बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, की मेधाबाईंना ओळखतो असं काही म्हणता येणार नाही.

मला राग आला. पण काका कोणालाच ओळखत नाहीत. कॉव्हेंट्रीत पंचेचाळीस वर्षं काढलीत, मंडळाचा एक गणपती चुकवलेला नाही. तरी एखाद्यानं 'अमुक माणूस कसा आहे हो?' असं विचारलं, की यांची मान आडवी हलते. "सांगता येत नाही. चौकशी करा." गाड्यांच्या कारखान्यात ते तीस वर्षं तपासनीस होते. दारं उघडून मिटून बघायची आणि नापास करायची, हे काम. माझा नवरा म्हणतो, कारखाना बंद पडला पण काकांची पाळी संपलेली नाही.

आमच्या कॉलेजात मी गणित शिकवते आणि काका बेसबॉलच्या टीमचा स्कोअर लिहितात. इंग्लंडात बेसबॉल म्हटलं की लोक आधी हसतात, मग 'खरंच?' म्हणतात. खरंच. सोळा ते एकोणीस वयाची बावीस मुलंमुली आहेत, आणि जाळीच्या कुंपणातलं एक उतरतं मैदान आहे. काका आधी मैदानामागच्याच घरात राहायचे. त्यांच्या बागेत चेंडू पडायचे. एक दिवस ते पिशवीत सात चेंडू घेऊन तक्रार करायला आले. प्रत्येक चेंडूवर, तो कधी आणि कुठल्या कुंडीत पडला, ते लिहिलेलं होतं. कोच होता कॅनडाचा. त्यानं त्या नोंदी बघितल्या आणि तक्रार ऐकायच्या आधीच काकांच्या हातात स्कोअरची वही दिली. बायको गेल्यावर काकांनी घर विकलं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला. तेव्हापासून दोन बस बदलून येतात, पण येतात.

तर हा कॅनडाचा कोच जानेवारीत आपल्या आजारी वडिलांकडे परत गेला आणि आमच्याकडे नवा कोच शोधायची वेळ आली. आमच्या व्हाइस प्रिन्सिपल हेलन यांनी तिघांची कमिटी नेमली: त्या, मी आणि काका. नियम एकच. इस्टरच्या सुट्टीआधी तिघांच्या सह्या एका नावाखाली पडल्या पाहिजेत. नाही पडल्या तर टीम बंद, आणि मैदान दुसऱ्या कशालातरी जाणार. हेलननी हे फार गोड आवाजात सांगितलं. बाहेर पडल्यावर काका म्हणाले, "गोड बोलतायत. मैदान कोणालातरी कबूल केलेलं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली पद्धत मला समजावून दिली. अर्ज, मुलाखत, पोलिसांकडची तपासणी हे सगळं साहेबाचं झालं. "लेकरं हवाली करायची आहेत. म्हणजे स्थळच बघायचंय," ते म्हणाले. आणि स्थळाची चौकशी कशी करायची, हे आपल्या लोकांना कोणी शिकवायला नको: शेजारी, दुकानदार, आणि जमलंच तर धोबी. धोबी इकडे नाहीत, एवढीच काय ती अडचण.

पहिलं स्थळ बेसिंगस्टोकचं. आठवडाभर आयटी कंपनीत नोकरी आणि शनिवार-रविवार कोचिंग करणारा उंचापुरा गृहस्थ. अर्ज उत्तम, फोटो हसरा. काकांना तो हसरा फोटोच खटकला. मला न सांगता ते रेल्वेनं बेसिंगस्टोकला गेले आणि त्याच्या गल्लीत टोपी घालून दोन तास उभे राहिले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारलं, हा दूध वेळेवर नेतो का. समोरच्या म्हाताऱ्या बाईंना विचारलं, घरातून भांडणाचे आवाज येतात का. शेवटी त्याचे कचऱ्याचे डबे उघडून आत बाटल्या किती आहेत ते बघत असताना त्या समोरच्याच बाईंनी पोलिसांना बोलावलं. मी वर्गात होते. फोनवर पोलीस अगदी नम्रपणे विचारत होता, की मिस्टर पाटणकर नावाच्या गृहस्थांना आपण ओळखता का.

ओळखते असं म्हणता येणार नाही, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, याचं श्रेय माझ्या आईच्या संस्कारांना.

त्या गृहस्थानं अर्ज मागे घेतला. हेलन दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काका मात्र खूश होते. "ज्याला काही लपवायचं नाही, तो डब्यांवरून रागावत नाही," असं त्यांचं म्हणणं पडलं. मी त्यांना म्हटलं, काका, माझे डबे कोणी उचकले तर मी विळी घेऊन धावेन. त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. तेव्हापासून त्यांना माझाही संशय येत असावा.

दुसऱ्या स्थळाबरोबर तीन शिफारसपत्रं होती आणि तिन्हींत त्या माणसाला देवपण द्यायचंच काय ते बाकी होतं. हेलन हरखल्या. मीही हरखले, कारण मार्च अर्धा सरला होता. काकांनी तिन्ही पत्रं खिडकीशी नेली आणि कारखान्यातलं भिंग काढलं. तासाभरानं त्यांनी आम्हाला दाखवलं, की तिन्ही पत्रांत एकच वाक्य जसंच्या तसं आहे, स्वल्पविरामासकट. मग फोनाफोनी झाली. तिन्ही पत्रं त्याच्या मेहुण्यानं लिहिली होती. हेलनचा चेहरा पडला. काकांनी भिंग पुसून डबीत ठेवलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, की या माणसाचं डोकं अगदीच फिरलेलं नाही.

पण त्याच संध्याकाळी मला दुसरीच शंका आली. काका हेलनवर संशय घेतात, उमेदवारांवर घेतात, दुकानदारावर घेतात. मग मीच का मागे राहू? दोन स्थळं मोडली. तिसरंही मोडलं की टीम बंद. या माणसाला टीम बंदच व्हायला हवी आहे का? की कोणीच पसंत न पडून शेवटी स्वतःच कोच व्हायचंय? शहात्तराव्या वर्षी माणसाच्या डोक्यात काय शिरेल सांगता येत नाही. मी घरी नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, तुला पाटणकर लागलेत.

तिसरी आली केली. इल्फर्डच्या शाळेत खेळाची शिक्षिका, चाळिशीची, आवाज फाटका. आई कॉव्हेंट्रीत एकटी असते म्हणून इकडे यायचं होतं. तिच्याकडे पत्र एकच होतं, जुन्या क्लबच्या सेक्रेटरीचं, आणि ते वाचून हेलननी कपाळाला हात लावला. पत्रात लिहिलं होतं, की केलीला कागदपत्रांचा कंटाळा आहे, ती पंचांशी वाद घालते, मंगळवारी हमखास उशिरा येते, आणि ती गेली तर मुलं रडतील.

काकांनी ते पत्र चार वेळा वाचलं. "दोष लिहिलेत," ते म्हणाले. "म्हणजे बघितलंय."

मुलाखतीत त्यांनी तिला एकच प्रश्न विचारला: आधीच्या मुलांना तुझं काय आवडायचं नाही? ती म्हणाली, की मी हरल्यावर गप्प होते, आणि मुलांना वाटतं मी त्यांच्यावर रागावलेय. हे मला अजून नीट जमलेलं नाही, असंही म्हणाली. मग काकांनी तिला रीतसर घरी बोलावलं. पोहे मी केले. केलीनं दुसऱ्यांदा मागून घेतले, ताटली स्वतः धुतली, आणि टेबलावरच्या फोटोतल्या बाई कोण म्हणून विचारलं. काकांनी बायकोचं नाव सांगितलं. त्यांच्या तोंडून मी ते बऱ्याच वर्षांनी ऐकत होते.

मला वाटलं, जमलं. पण काका सही करेनात. सोमवारी म्हणाले, बघू. बुधवारी म्हणाले, अजून इल्फर्डला जायचंय. शुक्रवारी सुट्टी लागणार होती. गुरुवारी मी त्यांना घरी सोडायला निघाले, कॉलेजच्या पार्किंगमध्येच गाडी थांबवली आणि मनातलं सगळं बोलून टाकलं. बावीस मुलांच्या तोंडचा घास तुम्ही काढताय, आणि तुम्हाला हवंय तरी काय, ते आज मला कळलंच पाहिजे, असं म्हटलं. आवाज चढलाच होता.

काकांनी सीटचा पट्टा सोडला. मग त्यांनी मला सुजाताबद्दल सांगितलं.

फार वर्षांपूर्वी सांगलीहून एका गृहस्थांचा फोन आला होता. मंडळातला एक मुलगा त्यांच्या मुलीला सांगून आला होता. तुम्ही तिथं आहात, मुलगा कसा आहे एवढंच सांगा, असं त्यांनी विचारलं. काका त्या मुलाला दोनदा भेटले होते. पानं वाढलेली होती, बायको हाक मारत होती. चांगला आहे, असं सांगून काकांनी फोन ठेवला. अर्ध्या मिनिटाचं काम. लग्न झालं, सुजाता इकडे आली. पुढच्या दोन वर्षांत काकांना ती मंडळात तीन-चारदा दिसली, दर वेळी आणखी वाळलेली. आणि मग एका सकाळी ती त्यांच्या दारात उभी होती, हातात एक पिशवी आणि एका डोळ्याखाली काळंनिळं. काकाकाकूंनी तिला चार महिने ठेवून घेतलं आणि सांगलीला पोचवलं. तिच्या वडिलांचं पत्र आलं. आभाराचं.

"शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," काका म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही तरी काय करणार होतात, दोन भेटींत माणूस कळत नाही.

"आधीची चौकशी चुकते, मेधाबाई. सगळ्यांची चुकते. मी नंतर विचारलं नाही. मंडळात समोर उभी असायची, आणि मी प्रसादाचा द्रोण घेऊन दुसरीकडे जायचो. ती काय सांगेल याची भीती वाटायची."

बाहेर मुलं बॅटा घेऊन घरी चालली होती. काकांनी खिशातून तो कागद काढला. त्यावर हेलनची आणि माझी सही होती. "तुम्ही सांगा," ते म्हणाले. "ही केली कशी आहे?"

'चांगली आहे' असं मी म्हणणारच होते. तोंड उघडलंही होतं. आणि माझं मलाच भय वाटलं, की हे शब्द किती पटकन येतात.

"मला माहीत नाही, काका," मी म्हटलं. "दोनदाच भेटलेय."

काकांनी मान डोलावली, गुडघ्यावर कागद ठेवला आणि सही केली.

केली आता आमची कोच आहे. टीम चार सामने हरली, दोन जिंकली. मंगळवारी ती खरंच उशिरा येते. प्रॅक्टिस संपली की काका फाटकाशी उभे राहतात आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, सगळं ठीक ना. कोचचं, घरचं, कसलंही. मुलं म्हणतात, ठीक आहे, मिस्टर पी. काका लगेच वाट सोडत नाहीत. तोंडाकडे बघतात, मग सोडतात. केलीला सुरुवातीला वाटलं, आपल्यावर पहारा आहे. आता तीही जाताना फाटकाशी थांबते आणि आपला दिवस कसा गेला ते सांगते.

गेल्या शनिवारी सगळे गेल्यावर काका गाडीत बसले. मला काय वाटलं कोण जाणे, मी किल्ली फिरवली नाही आणि विचारलं, "काका, तुमचं सगळं ठीक ना?"

"हो," ते म्हणाले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"घरी बोलायला कोणी नसतं हो," ते म्हणाले. आणि मग, "सुजाताचा नंबर आहे माझ्याकडे. तिच्या आतेभावानं दिला होता. कधी लावला नाही."

साडेअकरा वाजले होते, म्हणजे सांगलीत दुपारचा चहा होत असेल. मी म्हटलं, लावा. ते म्हणाले, आता काय विचारू. मी म्हटलं, दर वेळी मुलांना विचारता तेच.

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वहीत बघून एकेक आकडा दाबला. पलीकडे बाईचा आवाज आला. काकांनी आधी घसा खाकरला, मग आपलं पूर्ण नाव सांगितलं, मग गावाचं नाव सांगितलं. आणि मग म्हणाले, "सुजाता, विचारायला फार उशीर झाला बाळ. तू बरी आहेस ना?"

मी गाडीतून उतरून कुंपणापाशी जाऊन उभी राहिले. काच अर्धी उघडी होती. पलीकडून बरंच काही सांगितलं जात असावं, कारण पुढचा अर्धा तास काकांचं नुसतं 'हं, हं' एवढंच ऐकू येत होतं.