का, का आणि काका

माणसाचं वय ही त्याची खासगी बाब आहे, हे सुधारलेल्या जगाने आता मान्य केलं आहे. दुबईत जबल अलीतल्या एका गोदाम-कंपनीने तर त्यासाठी 'वयसमभाव धोरण'च काढलं. (सतरा पानं, पैकी सोळा सह्यांची.) वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या बंद, 'आमच्या वेळी' म्हणणं बंद, आणि अंकल, चाचा, काका तर सपशेल बंद. म्हणेल त्याची नोकरी खलास. ज्याला म्हटलं त्याला भरपाई म्हणून दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट. फॉर्मवर जन्मतारखेच्या जागी 'ऊर्जा' असा रकाना आला.

डिस्पॅचमधल्या हेमचंद्रांची ऊर्जा 'मंद' निघाली. (मोजणाऱ्याने फक्त पांढरे केस पाहिले. वय विचारलं नाही. धोरण म्हणजे धोरण.) मंद ऊर्जेचं कॉन्ट्रॅक्ट वाढत नाही. त्यांचं मार्चमध्ये संपत होतं आणि लेकीची, ओवीची दहावीही मार्चमध्येच. व्हिसा गेला की शारजातलं घर, शाळा, सगळंच आवरायचं.

"आज तरी कुणी काका म्हणेल का हो तुम्हाला?" डबा देताना प्रमिला रोज विचारायची.

"इन्शाल्ला."

पण आठ वर्षं काका-काका करणारं अख्खं ऑफिस एका रात्रीत 'हेम, हबीबी'वर आलं होतं.

आणि एका दुपारी जिना चढून धापा टाकणाऱ्या हेमचंद्रांना एचआरमधली शुभ्रा (नवी, नाशिकची, घरचं वळण चांगलं) म्हणाली, "काका! पाणी देऊ?"

समिती बसली. अध्यक्ष खैरुद्दीनसाहेब, मूळचे रत्नागिरीचे, मराठी कळतं म्हणून नेमलेले. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग अकरा वेळा ऐकलं.

"मी 'काका' म्हटलंच नाही, सर," शुभ्रा रडवेली झाली. "'का? का?' म्हटलं. म्हणजे का धापा टाकताय, का?"

सगळे हेमचंद्रांकडे वळले. एका शब्दात दोन वर्षं होती. शुभ्रा अंगठ्याचं नख चावत होती. खोटं बोलताना ओवीही हेच करायची.

"का, का," हेमचंद्र म्हणाले. "मी तेच ऐकलं."

खैरुद्दीनसाहेब खुर्चीतून उठलेच. "अहो काका, पोरीच्या दहावीचा विचार करा! नीट आठवा!"

टाइप करणाऱ्याचे हात थांबले, पण वाक्य इतिवृत्तात गेलं होतं.

आता अध्यक्षांना काढायचं, तर त्या आदेशावर सही अध्यक्षांचीच हवी. तेव्हा सर्वानुमते ठरलं, की 'काका' हे संबोधन नसून पदनाम आहे. आणि पद म्हटलं की त्यावर माणूस हवा. हेमचंद्रांना दोन वर्षांसाठी त्या पदावर घेतलं, शुभ्राने कार्ड छापून आणलं: 'काका, डिस्पॅच विभाग'.

राहता राहिली एक किरकोळ बाब. हेमचंद्रांचं वय आम्ही आतापर्यंत कुठेही सांगितलेलं नाही. पासपोर्टवर ते बेचाळीस आहे. तुम्ही मनात किती धरून चालला होतात, तो आकडा लिहून खाली सही करा. समिती उद्या तुमच्यासाठी बसते आहे.