निम्मा आत, निम्मा बाहेर

आमच्या झोंबा शहराच्या नगरपालिकेत फी वसुलीच्या खिडकीमागे माझं अर्धं आयुष्य गेलंय. सरकारी फी म्हणजे काय, हे मला कुणी शिकवू नये! बाजारात पाच टोपल्या टोमॅटो आणून फी चुकवायला एकच दाखवणारी बाई मी चालीवरून ओळखतो.

त्यामुळे तियामिके, म्हणजे माझी बायको, विलायतेतून, लीड्सहून फोनवर म्हणाली, "अहो, नवऱ्याच्या व्हिसाची फी फार किचकट असते, वकिलाला विचारा," तेव्हा मी असा हसलो की जेवणाऱ्या मामाच्या हातातला मक्याच्या उकडीचा, म्हणजे न्सिमाचा घास गळून पडला. हा माझा सख्खा मामा, आणि आमच्या लग्नाचा मध्यस्थ. त्यामुळे माझ्या संसारात नाक खुपसण्याचा त्याला रीतसर हक्क आहे.

बायकोने आपल्या कार्डाचा नंबर पाठवला. ती तिथे नर्स आहे. त्या पैशांसाठी तिने नाताळच्या दिवशीही ड्यूटी केली होती. मी आणि मामा कंप्यूटरसमोर बसलो.

"ही अर्जाची फी," मी म्हणालो. "आणि ही दवाखान्याची. वर्षाला इतकी, सगळ्या वर्षांची आधीच."

"तू कुठे आजारी आहेस?"

"पुढेमागे पडलो तर!"

"आणि नाही पडलास तर?"

"बुडाले."

मामाने विचार केला. "मग गेल्या गेल्या दोनदा तरी ताप काढ, भाच्या. पैसे फुकट घालवू नकोस!"

तेवढ्यात माझ्या कसलेल्या नजरेला ते दिसलं. दर दोन होते! त्यांच्या देशाबाहेरून अर्ज केला तर महाग, देशात राहून केला तर स्वस्त!

"मामा, नवरा-बायको किती?"

"दोघं मिळून एक देह! पाद्रीबाबांनी लग्नात सांगितलं नव्हतं का?"

"बायको आत आहे. म्हणजे मी?"

"निम्मा आत!" मामा ओरडला. "आणि तुझी चांगली सूटकेसही तीच घेऊन गेलीय!"

झालं! मी 'देशात' वर टिचकी मारली, पत्ता लीड्सचा दिला आणि वाचलेल्या पैशांतून बोटांचे ठसे देण्याची एक खास, जास्तीच्या पैशांची वेळसुद्धा विकत घेतली. वाट कुणी बघायची?

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. मंगळवारी सकाळी ठसे द्यायला हजर राहावे. ठिकाण: लीड्स.

मी ते तीनदा वाचलं. ठसे दिल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसाशिवाय लीड्स नाही!

"मग बोटं कुरियरने..." मामाने सुरुवात केली. मी कंप्यूटरच बंद केला.

शेवटी तियामिकेला सांगावंच लागलं. ती फोनवर कडाडली.

"अहो, याला सरकारशी खोटं बोलणं म्हणतात! व्हिसा कायमचा बंद होऊ शकतो! दोन वर्षं मी इथे एकटी भिंतींशी बोलतेय, ते काय हौस म्हणून?"

मामाने फोन घेतला. "सूनबाई, चूक मध्यस्थाची धर."

"तुमचीपण धरलीय, मामा!" ती म्हणाली. पण आवाज जरा सैल झाला होता.

तिने त्याच दिवशी मला अर्ज मागे घ्यायला लावला. ठसे दिले नव्हते म्हणून मोठी फी परत आली, थेट तिच्या कार्डावर. खास वेळेचे पैसे मात्र खासच गेले.

रविवारी तिचा निरोप आला: "नवा अर्ज मी भरतेय. तुम्ही काहीच भरायचं नाही. फक्त, 'आता कुठे आहात?' असं कुणी विचारलं, तर आधी खिडकीबाहेर बघा आणि मगच सांगा."

मी खिडकीबाहेर पाहिलं. समोर डोंगर होता. खाली पपईवाली सायकलवाल्याशी भांडत होती.

झोंबाच होतं. तरी खात्रीसाठी मामालाही विचारून घेतलं!